सुजलेले हात कोण रंगवणार?

गोवा मुक्तिदिनानिमित्त भरलेल्या एका चित्रकला स्पर्धेला काही वर्षांपूर्वी मी परीक्षक म्हणून बसलो होतो. पेडणे तालुक्यातल्या शाळांची मुलं, आठवी ते दहावीची. विषय होता 'गोव्याचा मुक्तिलढा'. समोर कागदांचा ढीग आणि त्यातले बहुतेक कागद एकमेकांची सख्खी भावंडं शोभावीत असे. मध्ये तिरंगा, बाजूला सलामी देणारा जवान, मागे रणगाडा, आकाशात फुलबाजीसारखे फुटलेले तोफगोळे. मुलांनी मन लावून रंगवलं होतं, त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती.

आठवीतल्या एका मुलीचा कागद मात्र वेगळा होता. त्यावर ना झेंडा, ना जवान. नुसते दोन हात, बाईचे. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि ते हात तांब्याच्या भाणावर एक ओला पंचा पिळत होते. पिळलेलं पाणी लाल होतं. बोटांची पेरं तिला नीट साधली नव्हती, एक अंगठा जरा लांबच झाला होता. पण पीळ बरोबर होता. कापड पिळताना एक मनगट आत वळतं आणि दुसरं बाहेर, हे घरात रोज कोणाला तरी बघितल्याशिवाय काढता येत नाही. मी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, पणजीचं माहेर बांद्याच्या बाजूला. गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला त्या दिवशी जखमींना माघारी आणलं, तेव्हा पणजी कपडे धूत होती.

इतर परीक्षकांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला. 'हात चांगले आहेत, पण यात लढा कुठे आहे? पराक्रम कुठे आहे?' असं म्हणून तो बाजूला ठेवला. उत्तेजनार्थसुद्धा नाही. मी त्या वेळी वाद घातला नाही. तो घालायला हवा होता, ही रुखरुख मनात आहे. जो वाद तिथे घातला नाही, तो आज इथे घालतो आहे.

माझं म्हणणं असं: गोव्याने आपल्या लढ्याचा पराक्रम दगडात आणि धातूत उभा केला, पण त्याचं दुःख सार्वजनिक भिंतीवर आणलं नाही. आणि दुःखाशिवाय दाखवलेला पराक्रम दोन पिढ्यांत नुसता सजावटीचा होऊन जातो. त्या दोनशे कागदांवरचे रणगाडे म्हणजे तीच सजावट होती.

मुलांचा दोष नाही, कारण त्यांनी पाहिलंय तेच ती काढणार. ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. जुन्या गोव्यात असिसीच्या सेंट फ्रान्सिस चर्चला लागून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे कदंबकाळातले वीरगळ आहेत. वीरगळाची रचना ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला उचलून नेताहेत, वरच्या चौकटीत तो स्वर्गात शिवलिंगाची पूजा करतोय. काहींवर तर जहाजं कोरली आहेत, समुद्रावर लढलेल्यांची. कारागीर कसबी होते यात शंका नाही. पण नीट पाहिलं तर लक्षात येतं, की खालच्या चौकटीतून वरच्या चौकटीत जाताना मधलं काहीतरी गळलंय. माणूस पडला ते आणि तो वर पोहोचला ते दिसतं. तो पडल्यावर घरी काय झालं, ते दिसत नाही.

ते जिथे दिसायचं तिथे सतीशिळा आहे. सतीशिळेवर बाईचा हात कोरलेला असतो, कोपरात वाकवून वर उचललेला, पंजा उघडा, मनगटात चुडा. लढाईत मागे राहिलेल्या बाईचं आपल्या शिल्पपरंपरेने केलेलं हे चित्र. बाई नाही, तिचा चेहरा नाही, फक्त हात, आणि तोसुद्धा आशीर्वाद दिल्यासारखा. एवढ्या प्रचंड वेदनेचं आपण पुण्यात रूपांतर करून टाकलं आणि वर कुंकू वाहिलं. मी त्या शिळेपुढे अनेकदा उभा राहिलोय, आणि प्रत्येक वेळी त्या पंज्याकडे पाहून पोटात कालवतं.

त्याच संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तसबिरींची रांग आहे. ही परंपरा सुरू केली जुआंव द काश्त्रो याने, १५४७ साली. दीवचा वेढा मोडून तो आदल्या वर्षी जिंकला होता. तसबिरींचं काम पाहिलं गास्पार कुर्रेया या इतिहासकाराने, आणि प्रत्यक्ष रंगवल्या इथल्याच एका स्थानिक चित्रकाराने. त्याचं नाव कोणी नोंदवून ठेवलं नाही. चिलखत घातलेले, हातात दंड घेतलेले, एका साच्यातले हे सरदार. काश्त्रोने दीव जिंकून गोव्यात रोमन सम्राटासारखी विजयाची मिरवणूक काढली होती. तिची दहा भव्य विणलेली भित्तिचित्रं ब्रुसेल्सला तयार झाली आणि ती आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. आपल्या गावातून साखळदंडातले कैदी चालवले गेले, आणि त्याचं रेशमी चित्र युरोपातल्या राजवाड्यासाठी विणलं गेलं.

पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात शिरलं की दोन्ही बाजूंनी निळ्या रंगातल्या फरशांची चित्रं अंगावर येतात. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ साली ती केली. विषय कामोंइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातला, म्हणजे पोर्तुगीजांच्या सागरी पराक्रमाचा. फार सुंदर काम आहे, ते पुसावं असं मी कधीही म्हणणार नाही. ज्या लुईश द मिनेझिस ब्रागांझांनी वसाहतवादी राजवटीविरुद्ध लेखणी झिजवली, त्यांचं नाव मुक्तीनंतर त्या वास्तूला मिळालं हे योग्यच झालं. पण चौकट तीच राहिली. चौकटीतला वीर आपण बदलला, पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, जागी आपला आणला. त्यांचा काश्त्रो दंड धरून उभा, आमचा हुतात्मा मशाल धरून उभा. चित्र बघणाऱ्याकडून अपेक्षा तीच: खाली उभं राहून मान वर करायची.

पराक्रम दाखवूच नये असं मी म्हणत नाही. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी रंगवलेले शिवकालीन प्रसंग पाहून माझ्या पिढीतली कितीतरी मुलं घोडा काढायला शिकली, मीही त्यांतलाच. वीररसाची भूक खरी असते. प्रश्न एवढाच, की तेवढ्यावर ताट वाढून झालं असं समजायचं का?

जगातल्या तीन फार मोठ्या युद्धचित्रांची गोष्ट मला या संदर्भात महत्त्वाची वाटते, कारण तिन्ही सरकारी पैशातून झाली.

पहिलं स्पॅनिश चित्रकार गोयाचं. १८०८ साली नेपोलियनच्या फौजेविरुद्ध माद्रिदच्या लोकांनी उठाव केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रेंचांनी धरलेल्या माणसांना गोळ्या घातल्या. सहा वर्षांनी, फ्रेंच गेल्यावर, गोयाने सरकारकडे अर्ज केला: या उठावातले वीरोचित प्रसंग मला माझ्या कुंचल्याने अजरामर करायचे आहेत, त्यासाठी मदत द्यावी. अर्जात शब्द वीरतेचेच होते. मदत मिळाली आणि १८१४ साली त्याने दोन मोठी चित्रं केली. त्यातलं दुसरं, ३ मेच्या गोळीबाराचं, तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. रात्र आहे. जमिनीवर एक चौकोनी कंदील. त्याच्या उजेडात पांढरा सदरा घातलेला एक माणूस गुडघ्यांवर, दोन्ही हात वर पसरलेले. बंदुका रोखून उभ्या असलेल्या शिपायांच्या पाठीच फक्त दिसतात, चेहरा एकाचाही नाही. डावीकडे आधी मारलेल्यांची प्रेतं, रक्तात पालथी. मागून टेकडी चढत पुढच्या माणसांची रांग येतेय, आणि त्यातल्या काहींनी हातांनी तोंड झाकून घेतलंय.

त्या पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाच्या उजव्या तळव्याकडे बघा. तिथे एक बारीकसा व्रण आहे, खिळा ठोकल्यासारखा. गोव्यातल्या माणसाला तो लगेच कळतो, कारण आपल्याकडे प्रत्येक गावात क्रूस आहे. गोयाने त्या अनामिक मजुराला एवढीच एक खूण दिली. बाकी तो वीर दिसत नाही. डोळे भीतीने फाटलेत. हात वर केलेत ते शरण म्हणून, आकांत म्हणून की छाती पुढे करून, हे दोनशे वर्षं झाली तरी कोणाला सांगता आलेलं नाही. शौर्य आणि भीती एकाच माणसाच्या एकाच क्षणात असतात, हे इतक्या नेमकेपणाने त्याआधी कोणी मोठ्या कॅनव्हासवर दाखवलं नव्हतं. सरकारने हे चित्र मिरवलं नाही, अनेक वर्षं ते कोठारात होतं. युद्धाच्या हालअपेष्टांवर केलेली त्याची ८० छापचित्रं तर तो गेल्यावर पस्तीस वर्षांनी, १८६३ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या एका चित्राखाली त्याने लिहिलंय, 'हे मी पाहिलं.'

दुसरं जॉन सिंगर सार्जंटचं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या समितीने या नामवंत व्यक्तिचित्रकाराला सांगितलं, की इंग्रज आणि अमेरिकन सैन्याच्या सहकार्याचं भव्य चित्र करा. तो आघाडीवर गेला. सहकार्य असं काही त्याच्या डोळ्यांना चित्रासारखं दिसेना. दिसली ती विषारी वायूने आंधळ्या झालेल्या पोरांची रांग, डोळ्यांना पट्ट्या, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. एक जण पायरी असेल या अंदाजाने पाय उगाचच उंच उचलतोय. मागे लांबवर काही सैनिक फुटबॉल खेळताहेत. सुमारे वीस फूट लांबीचं हे चित्र १९१९ साली पूर्ण झालं आणि समितीने ते स्वीकारलं. मला त्या समितीचं फार कौतुक वाटतं. मागितलं एक आणि आलं दुसरं, तरी आलेलं मोठं आहे हे तिला ओळखता आलं.

पिकासोच्या 'गेर्निका'बद्दल इतकं बोललं गेलंय की मी थोडक्यात आवरतो. १९३७च्या पॅरिस प्रदर्शनासाठी स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने त्याला भिंत दिली होती. आधी तो स्वतःच्या स्टुडिओचंच चित्र करण्याच्या विचारात होता. २६ एप्रिलला जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका गावावर बॉम्ब टाकले आणि महिन्याभरात ते काळं-पांढरं चित्र उभं राहिलं. त्यात पडलेल्या योद्ध्याचा तुटका हात आहे, मुठीत मोडकी तलवार, आणि मुठीपाशी एक लहानसं फूल. पराक्रमाला त्या साऱ्या कॅनव्हासवर एवढीच जागा. संयुक्त राष्ट्रसंघात सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर या चित्राची विणलेली प्रतिकृती होती. २००३ साली इराक युद्धाची बाजू मांडली जात होती तेव्हा ती निळ्या पडद्याने झाकून टाकली. मशालवाल्या पुतळ्यावर असा पडदा टाकायची गरज कधी कोणाला पडेल असं मला वाटत नाही.

पण या तिघांहून मला जवळची वाटते ती केटे कोलविट्झ. बर्लिनची चित्रकार आणि शिल्पकार. तिचा धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा होता. १९१४ साली स्वयंसेवक म्हणून सैन्यात जायचं तर वडिलांची संमती लागत होती आणि वडील तयार नव्हते. केटेने नवऱ्याची समजूत घातली. पोर गेलं, आणि त्याच ऑक्टोबरात बेल्जियममध्ये मारलं गेलं. पुढची कित्येक वर्षं ती त्याच्यासाठी स्मारक करत होती, मोडत होती, पुन्हा करत होती. त्याच्या दफनभूमीत ते बसलं १९३२ साली: आई आणि बाप गुडघ्यांवर, बापाने दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरलंय. मुलगा त्या स्मारकात कुठेच नाही. तिच्या सात लाकूडठशांच्या मालिकेतही आईबापांचं एक चित्र आहे. दोन देह एकमेकांत कोसळलेले, बापाने पंजाने तोंड झाकलंय, आणि तो पंजा चेहऱ्यापेक्षा बोलका आहे.

आपल्याकडे हुतात्म्याच्या आईबद्दल बोलताना 'वीरमाता' हा शब्द इतक्या चटकन येतो, की पुढे विचारायचं राहून जातं. तिने जा म्हटलं होतं की नको म्हटलं होतं? नको म्हटलेल्या आईचं काय झालं? जा म्हटलेल्या आईला रात्री झोप येत होती का? कोलविट्झने हे प्रश्न स्वतःला विचारले आणि हातांतून त्यांची उत्तरं दिली.

हे सगळं युरोपातलं, आपल्याला काय त्याचं, असं कोणी म्हणेल. तर मग बंगालकडे बघू. १९४३चा दुष्काळ युद्धानेच आणलेला, सुमारे तीस लाख माणसं त्यात गेली. चित्तप्रसाद गावोगाव पायी हिंडला आणि मरायला टेकलेल्या माणसांना त्याने काळ्या शाईत उतरवलं. ती रेखाटनं छापून आली तेव्हा इंग्रज सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. झैनुल आबेदिनने वाण्याकडे मिळतो तसल्या स्वस्त कागदावर शाईने तीच माणसं काढली, जोडीला कावळे आणि कुत्री. कॅनव्हास नाही, रंग नाहीत, पुरस्कर्ता तर नाहीच. सोमनाथ होर त्या वेळी कोवळ्या वयाचा होता. त्यानेही दुष्काळ रेखाटला, आणि पुढे १९७०च्या दशकात तो अशा ठिकाणी पोहोचला की माणूस काढायचीसुद्धा त्याला गरज उरली नाही. पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर नुसत्या चिरा आणि भोकं. पांढऱ्यावर पांढरं. कातडीवर जखम असावी तशी. त्यापुढे उभं राहिलं की आपलाच हात नकळत आपल्या दंडावर जातो.

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑगस्ट १९५५. पावसाचे दिवस. देशभरातून आलेले सत्याग्रही हातात शस्त्र न घेता पत्रादेवीची हद्द ओलांडून चालले होते आणि समोरून गोळ्या आल्या. मध्य प्रदेशच्या सहोदरादेवी राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळी लागली. पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैलसिंग पुढे सरसावला आणि तो मारला गेला. हा प्रसंग आपण भाषणात दरवर्षी सांगतो. पण चित्रकाराच्या नजरेने त्याच्याकडे पाहिलंय का? ज्याची भाषा त्या वाटेवरच्या एकाही झाडाला ठाऊक नाही, असा एक शीख तरुण कोकणातल्या चिखलात पडलाय. जखमी बाईच्या हातातून झेंडा दुसऱ्या हातात जातोय. गोयाला एक कंदील पुरला, इथे तर पावसाळी सकाळचा करडा उजेड आहे.

किंवा पालमातोर घ्या. लाकडाची जाड गोल चकती आणि तिला दांडा. पोर्तुगीज पोलीस तिने तळहातावर मारायचे. मार खाल्लेल्या माणसाची बोटं मिटत नाहीत, तळवा भाकरीसारखा फुगतो, पाण्याचा तांब्या धरता येत नाही. माझ्या ओळखीतले एक म्हातारे सत्याग्रही मरेपर्यंत जेवताना घास तीनच बोटांनी उचलायचे. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आज मला वाटतं, त्यांच्या त्या हाताचं एक साधं पेन्सिल रेखाटन जरी मी करून ठेवलं असतं, तरी कुठल्याही पुतळ्यापेक्षा ते जास्त बोललं असतं.

सुधाताई जोशी १९५५च्या एप्रिलमध्ये म्हापशाला गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि पकडल्या गेल्या. पकडल्या गेल्याचं चित्र कोणीही काढील. मला बघायचंय ते त्या काळातलं पुण्यातलं त्यांचं घर. मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं पोर्तुगालच्या तुरुंगात होते, सुटले १९६९च्या जानेवारीत. ज्याच्यासाठी तुरुंगात गेलो ते मिळालंय, लोक तिकडे मुक्तिदिन साजरा करताहेत, आणि आपण इथे परक्या देशातल्या कोठडीत. एवढ्या एका माणसाच्या एवढ्या एका खोलीत पराक्रम आणि दुःख दोन्ही शेजारी शेजारी बसलेत. कोणत्या चित्रकाराला याहून मोठा विषय हवा?

आणि हो, पलीकडचेही. हे लिहिल्यावर काही मंडळी रागावतील, पण लिहायला हवं. डिसेंबर १९६१मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरण जायचं नाही. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हाने तो मानला नाही, १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शरणागतीवर सही केली आणि पुढे मायदेशात त्याची शिक्षा भोगली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक इथल्या छावण्यांत महिनोन्‌महिने होते, आपल्याच सरकारने वाऱ्यावर सोडलेले. अंजदीव बेटावर आपले नौसैनिक कामी आले, मुरगावच्या समुद्रात त्यांच्या जहाजावरचे खलाशी घायाळ झाले. गोयाने शिपायांना चेहरे दिले नाहीत, ते त्याच्या चित्रापुरतं बरोबर होतं. आपण साठ वर्षं पुढे आहोत, आपल्याला चेहरे द्यायला हरकत नसावी.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, की हुतात्म्यांना असं रडतं, पडकं दाखवणं हा त्यांचा अपमान आहे. मला हे अजिबात पटत नाही. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या धैर्याला किंमत कसली? पत्रादेवीला चालत गेलेल्या माणसांचे पाय लटपटत असतील, तोंडाला कोरड पडली असेल, आणि तरी ती पुढे गेली. पुतळ्याचा पाय लटपटत नाही म्हणून तो त्यांच्याहून मोठा होत नाही. उलट आठवीतल्या मुलाला पुतळा आपल्यासारखा वाटतच नाही. पडलेला, घाबरलेला, तरी उठणारा माणूस त्याला आपला वाटेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जुन्या जखमा कशाला उकरायच्या, गोव्यात हिंदू-ख्रिस्ती गुण्यागोविंदाने राहताहेत, चित्रांनी वितुष्ट येईल. याचं उत्तर मला कुंकळ्ळीत सापडतं. १५ जुलै १५८३ला तिथे पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. नंतर बोलणी करायला म्हणून गावच्या सोळा गावकारांना, म्हणजे प्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि दगाफटका करून ठार केलं. एकटा कसाबसा निसटला असं सांगतात. त्या पाच मिशनऱ्यांना १८९३ साली चर्चने धन्य घोषित केलं, युरोपात त्यांच्या मरणाची चित्रं सतराव्या शतकातच छापून आली होती. गावकारांच्या वाट्याला स्मारक यायला चारशेच्या वर वर्षं लागली. म्हणजे एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला चौथरा, आणि दोन्हींवर फक्त वीर. वितुष्ट यातून येतं, कारण प्रत्येक जण आपापला वीर मोजतो. कोणी जर असोळण्याला गेलेल्यांची वाट बघणारं ओसरीवरचं घर रंगवलं, संध्याकाळ झालीय, दिवा लावलाय, पेज निवून गेलीय, तर त्या चित्रापुढे कुंकळ्ळीचा ख्रिस्ती माणूसही गप्प उभा राहील. त्याचेही पूर्वज त्याच गावचे होते. वीर वाटून घेता येतात, वाट बघणं सगळ्यांचं सारखंच असतं.

आग्वादचा तुरुंग २०२१ साली संग्रहालय म्हणून खुला झाला. मी दोनदा जाऊन आलो. समुद्राचा वारा भणाणत येतो, आणि कोठडीत शिरलं की तोच वारा एकदम थांबतो. तिथल्या भिंतींना चित्रकार हवेत. अल्तिन्होवरच्या आपल्या कला महाविद्यालयातून १९७२पासून पिढ्या बाहेर पडताहेत. त्या मुलांना सहा-सहा महिने अशा भिंती द्या, सोबत जुन्या लोकांच्या आठवणींची टिपणं द्या. निविदा मागवून, चौरस फुटाचा दर ठरवून, आधी कच्चं चित्र समितीकडून मंजूर करून घेऊन हे व्हायचं नाही. तसं केलं की समिती पहिल्याच बैठकीत विचारणार, पराक्रम कुठे आहे? मी त्या टेबलाशी बसलोय, मला तो प्रश्न पाठ आहे. सार्जंटच्या समितीसारखी एक समिती आपल्याला हवी, जिला मागितलेलं न मिळाल्याचा आनंद होईल.

आणि हे लवकर व्हायला हवं. १९५५ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या घरात आहे. पेडण्यात, बांद्यात, दोडामार्गात, सावंतवाडीत अशी माणसं अजून आहेत. हद्द बंद झाल्यावर माहेर तुटलेल्या बायका आहेत, लहानपणी गवताच्या भाऱ्यात पत्रकं लपवून नेलेले म्हातारे आहेत. त्यांच्यापाशी बसायला कॅमेरा घेऊन माणसं येतात, प्रश्न विचारतात, अर्ध्या तासात निघून जातात. चित्रकार चार दिवस बसतो. हात काढायचा तर त्या हाताकडे बघतच राहावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस कधी न बोललेलं बोलून जातो.

त्या मुलीला मी गेल्या पावसाळ्यात शोधून काढलं. ती आता परिचारिका आहे, रात्रपाळी करते. तो कागद आहे का, असं विचारलं. म्हणाली, घराची कौलं गळली तेव्हा भिजला, आईने फेकून दिला. पुन्हा काढशील का, म्हटलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काढीन, सर. पण तेव्हा मी पाणी लाल केलं होतं ना, ते चुकलं होतं. स्पर्धेनंतर पणजीला दाखवलं, तर ती म्हणाली, पाणी लाल दिसलंच नव्हतं गो. सगळे चिखलातून आले होते. आमची माती मुळातच तांबडी, पिळलं की तांबडंच पाणी येणार. मातीचं कुठलं आणि माणसाचं कुठलं, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही धूतच राहिलो."